चुडाव्याचे मुंजाजीमामा आणि माझा उजवा हात

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की लोकांना वाटतं मी एखाद्या गुरुजींचं नाव घेईन. आमच्या घराण्यात शाळेचा उंबरा ओलांडलेला मी पहिला आणि बी. ए. झालेलाही पहिलाच. तेव्हा गुरुजींचे उपकार आहेतच. पण पहिलं नाव मी घेतो ते चुडावा स्टेशनवरच्या मुंजाजी पाइंटमनचं. गाडीसाठी रूळ बदलायचे, सिग्नलचा खटका ओढायचा, दिवस मावळायच्या आत सिग्नलवर कंदील चढवायचे, ही त्यांची निजामाच्या रेल्वेतली नोकरी. त्यांना स्वतःला एक अक्षर लिहिता येत नव्हतं. माझा हात लिहिता केला तो मात्र त्यांनीच.

मामांची एक खोड होती. माणसाकडे ते तोंडापासून बघत नसत, पायापासून बघत. गाडी थांबली, उतारू उतरले, की झेंडी काखेत मारून मामा नुसत्या चाली बघत उभे राहत. "त्यो फेटेवाला बग. डावी टाच टेकायला भ्यायलाय." "ही बाई डोक्यावर ओझं आसंल तर ताठ चालती, मोकळी झाली की कंबर धरायलीय." नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, दुखणी राहत. "राणीसावरगावचा खांदा कालच्या गाडीनं गेला, बरा दिसला," असं ते सहज बोलून जात आणि आपण समजून घ्यायचं की खांद्याबरोबर एक माणूसही गेला असणार.

एका गावच्या पाटलांचा गुडघा त्यांनी असाच फलाटावर हेरला. पाटलांचं गाव स्टेशनाला लागूनच, पण गुडघा दुखतो म्हणून पाटील घरापर्यंत छकड्यातून जायचे. मामा म्हणाले, "पाटील, गुडघ्याला दोन सालं झाली, तुमी कुठं नेलंच न्हाई. त्यो रुसायचाच की. छकडा जाऊ द्या म्होरं. मी संगं येतो. पडलात तर मी उचलतो, न्हाई पडलात तर च्या पाजा." पहिल्या दिवशी पाटील पिंपळापर्यंत चालले, आठवड्यानं मारुतीच्या देवळापर्यंत, महिन्यानं घरापर्यंत. पण पाटील पायी चालले तर लोक काय म्हणतील, म्हणून त्यांचा छकडा पुढेही कित्येक दिवस त्यांच्या मागून रिकामाच चालत असे. मामा म्हणायचे, "बैलांचीबी तब्येत सुधारली."

आता माझ्या हाताचं सांगतो. मी परभणीला मॅट्रिकच्या वर्गात होतो. दसऱ्याच्या सुटीत गावी आलो. आमचं गाव चुडाव्यापासून दोन कोसांवर, थोडी कोरडवाहू जमीन. जोंधळ्यावर पाखरं पडत होती म्हणून रानात माळ्यावर चढून गोफण फिरवत होतो. माळ्याची फळी सरकली आणि मी उजव्या कोपरावर खाली आलो. पूर्ण्याच्या हाडवैद्यानं हाड नीट बसवलं, बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली आणि सांगितलं, "एकवीस दिवसांनी सोडा, मग हात थोडा थोडा चालवा."

पण त्याच दिवशी मायनं नवस बोलून ठेवला होता, "खंडोबा, लेकराचा हात नीट कर, पट्टी तुझ्या पायाशीच सोडीन." चंपाषष्ठी होती दोन महिन्यांवर. एकविसाव्या दिवशी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पट्टी सोडायचा विषय काढला तेव्हा माय म्हणाली, "वैद्य माणूस हाय. देवाला दिलेला शबूद मोडू म्हन्ता का?" त्यापुढे घरात कुणाची बोलायची छाती झाली नाही. शिवाय सगळ्यांनाच मनातून वाटत होतं की जास्त दिवस बांधला तर हात जास्त पक्का होईल. दोन महिने माय मला स्वतःच्या हातानं घास भरवत होती. खोटं कशाला बोलू, मलाही ते गोड लागत होतं.

चंपाषष्ठीला भंडारा उधळला, देवापुढे पट्टी सुटली, आणि हात मात्र पट्टी असल्यासारखाच राहिला. कोपर काटकोनात वाकलेलं. दंड बारीक झालेला. बोटं ताठ. सगळ्यांत वाईट म्हणजे तळहात छातीकडे वळलेला होता, तो जमिनीकडे वळेचना. कागदावर लिहायचं तर आधी तळहात खाली वळावा लागतो, ही गोष्ट तोवर कधी माझ्या ध्यानात आली नव्हती. डाव्या हातानं लिहून पाहिलं. आमचं शिक्षण उर्दूतून होतं. नुसत्या उभ्या रेघेचा अलिफ, पण मी काढला की तोसुद्धा वाकून सलाम करायचा. दादा म्हणाले, "देवानं हात ठिवला ह्येच लय झालं. राखणीला काय लिवावं लागत न्हाई." ते चिडून बोलले नव्हते, त्यामुळे ते जास्त लागलं. चार दिवसांनी मी शाळेतून नाव काढून आणायला निघालो.

चुडाव्याच्या फलाटावर मी डाव्या हातानं धोतराचा सोगा सावरत उभा होतो. मामा समोर येऊन थांबले.

"पोरा, हात छातीशी कामून धरायलास? चोरून आणलायस का?"

"मोडला होता."

"जुळलाय?"

"जुळलाय."

त्यांनी डोळे मिटून दोन बोटांनी माझं कोपर चाचपलं. "किती दिस बांधला?"

"दोन महिने."

"आसं कोण म्हणालं?"

"खंडोबा."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग देवानं देवाचं काम केलं. हाड जोडून दिलं. सांधा त्यानं तुझ्यावर सोडलाय. परीक्षा कवा?"

"शिमग्यानंतर."

त्यांनी बोटांवर मोजलं. "पूस, माग, फागुन. हुईल. ही गाडी जाऊ दे."

आणि त्यांनीच हिरवी झेंडी दाखवून माझी परभणीची गाडी घालवली.

दुसऱ्या दिवशी मी दादांना घेऊन गेलो. दादांनी एकच विचारलं, "तुमी वैद्य हाव का?" मामा म्हणाले, "न्हाई. बसऱ्याला होतो." त्याचा उलगडा असा : पहिल्या महायुद्धात मामा भरती होऊन समुद्रापार इराकात गेले होते आणि बसऱ्याच्या फौजी दवाखान्यात जखमी शिपायांना उचलून ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. तिथं एक गोरी बाई गोळी लागलेल्या, हाडं मोडलेल्या शिपायांचे हातपाय चालते करायची. कुणाला दाराची मूठ फिरवायला लावायची, कुणाला वाळूची थैली पायानं उचलायला लावायची. "वरडायची लय. पर शिपाई कुबड्या टाकून जायचे," मामा सांगायचे. मामा दीड वर्ष ते बघत राहिले. भाषा कळत नव्हती, म्हणून डोळ्यांनीच शिकले. परत आल्यावर रेल्वेत लागले आणि स्टेशनाच्या कंदिलांच्या खोलीत, रॉकेलच्या वासात, त्यांचा दवाखाना आपोआप सुरू झाला. स्टेशनमास्तर हैदराबादकडचे होते. ते दारातून डोकावून म्हणायचे, "अरे मुंजाजी, ये टेसन है या शफाखाना?" पण त्यांची स्वतःची मान मामांनीच सोडवली होती, त्यामुळे बोलणं तेवढ्यावरच राही.

मी गावाहून रोज दोन कोस चालत जायचो. आधी मामा तव्यावर वाळू तापवून फडक्यात बांधत आणि कोपर शेकत. मग एरंडेलाचं बोट. मग काम. व्यायाम हा शब्द ते वापरत नसत. कोपऱ्यात अंबाडीचं वाख पडलेलं असे. "मांडीवर घे आन् सुतळी वळ." सुतळी वळायची म्हणजे तळहात मांडीवर टेकवून पुढे ढकलावा लागतो. माझा हात टेकायचाच नाही, नुसती करंगळीची कड लागायची. मामा म्हणाले, "करंगळीनं सुरू कर. उद्या तिच्या शेजारणीला बोलव." भिंतीवर मी हात लांब करून बोट लावायचं आणि तिथं ते कोळशानं रेघ मारायचे. कधी कधी आठवडाभर रेघ तिथंच असायची. मी तोंड पाडलं की म्हणायचे, "ज्या वाटंनं दोन महिने माणूस गेलं न्हाई तिथं काटंच उगवायचे. रोज जायचं. काटं आपसूक मोडतेत."

दुखण्याबद्दल त्यांचा एक नेम होता, तो मी आजही लोकांना सांगतो. "दुखणं दोन जातीचं. एक कुरकुरतंय, एक भुंकतंय. कुरकुरणाऱ्याला संगं घेऊन चालायचं. भुंकलं की थांबायचं. आन् सकाळी उठून बघायचं. कालच्या एवढंच आसंल तर बरोबर केलंस. वाढलं आसंल तर काल शाणपणा केलास." अंगात ताप असला किंवा सूज लाल असली तर मात्र ते हात लावत नसत, माणसाला सरळ नांदेडच्या गाडीत बसवून दवाखान्यात पाठवत.

महिन्याभरानं त्यांनी मला मामींच्या जात्यावर बसवलं. मामी म्हणजे त्यांच्या बायको. गोऱ्या, ठेंगण्या, आणि बोलायला मामांच्या वरचढ. जात्याचा खुंटा धरून हात पुढे जाई, मागे येई, कोपर न कळत मोकळं होई. मामी समोर बसून जात्यात दाण्यांचा घास टाकायच्या आणि म्हणायच्या, "गोइंदा, तुजी परीक्षा झाली की दुसरा मॅट्रिकवाला पाठीव बाबा. तीस साल दळायलेय, माजे सांधे कवा कुणी बघितले न्हाईत." आतून मामा ओरडायचे, "तुजे सांधे चांगले हायती म्हणून बघत न्हाई. तोंडाचा तर लयच चांगला हाय."

मध्ये एक घोटाळा झाला. आमचे धाकटे काका तालमीतले. त्यांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. "वाकलेलं लोखंड काय कुरवाळून सरळ हुतंय?" असं म्हणून त्यांनी एका सकाळी माझ्या हाताला पाण्यानं भरलेली घागर लटकवली आणि वरून कोपर दाबलं. हात भुंकला म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कोपर सुजून वांग्यासारखं झालं. आलेली सगळी रेघ गेली. दहा दिवस तर मामांनी हात लावू दिला नाही, नुसती बोटं हलवायला सांगितली. मामा काकांना भेटायला आमच्या घरी चालत आले. मला वाटलं भांडण होणार. मामा म्हणाले, "पैलवान, पहिल्या दिवशी आखाड्यात आलेल्या पोराला तुमी किती जोर मारायला लावता?"

"दहा-बारा."

"पाचशे कामून न्हाई?"

 त्यानंतर मला स्टेशनपर्यंत सोडायला काकाच येऊ लागले.

त्याच भेटीत मामांनी मायला जे सांगितलं ते तिला फार जड गेलं. मी जेवायला बसलो होतो आणि सवयीनं ती घास घेऊन पुढे आली. मामा म्हणाले, "बाई, आता भरवू नका." माय म्हणाली, "भाऊ, हात तोंडापतूर जात न्हाई त्याचा." मामा म्हणाले, "तुमी भरवायलाव तवर कशाला जाईल?" माय उठून चुलीपुढे गेली आणि पाठ करून बसली. मी भाकरीचा तुकडा उजव्या हातानं उचलला. तो हनुवटीपर्यंत गेला आणि थांबला. मी मान खाली नेऊन तो तोंडात घेतला. माय पाठमोरीच म्हणाली, "गेला का?" मी म्हणालो, "गेला." मान खाली नेल्याचं मी सांगितलं नाही. मामांनीही सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी मान खाली न्यावी लागली नाही.

माघ संपता संपता तळहात मांडीवर सपाट टेकला. मामांनी वाख बाजूला केलं आणि गाडीच्या पावत्यांचा पाठकोरा कागद पुढे ठेवला. मी बोरू उचलला. पहिली ओळ लिहायला जितका वेळ लागला तितक्या वेळात एक मालगाडी येऊन पाणी घेऊन निघून गेली. मामांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि मास्तरांकडे नेला. मास्तर म्हणाले, "माशाल्ला, पढने में आ रहा है." मामांना तेवढं पुरलं. मला मात्र धाकधूक होती. ओळ लिहिणं निराळं आणि तीन तासांचा पेपर लिहिणं निराळं. मामा म्हणाले, "एका दमात कोण लिवायला सांगायलंय? हात भरून आला की बोरू ठिव, मुठी उघड, तळवा वर कर, खाली कर, दहा डाव. मग लिव. गाडीबी टेसनावर थांबत थांबतच मुक्कामाला जाती."

परीक्षेत मी तसंच केलं आणि अडकलो. दर थोड्या वेळानं बोरू ठेवून मी तळहात वर करी, खाली करी. पर्यवेक्षक दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं. "हथेली पर क्या लिखा है?" मी दोन्ही तळहात उघडे केले. काहीच नव्हतं. एक तळहात जाड आणि दुसरा बारीक, सुतळीनं घट्टे पडलेला, एवढाच फरक. मी म्हणालो, "साहेब, हात टूटा था. खोल रहा हूँ." त्यांनी माझं कोपर पाहिलं, मग पेपर पाहिला, आणि म्हणाले, "खोलो, खोलो." पुढचे सगळे दिवस ते माझ्या बाकाशी आले की हळूच विचारत, "खुला?"

मी पास झालो. नंबर काही मोठा नव्हता. शेवटचे दोन प्रश्न वेळेअभावी राहिले होते. निकाल सांगायला गेलो तेव्हा मामा खटका ओढत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "कोपर दाखव." हात अजूनही पुरता सरळ होत नव्हता, आजही होत नाही, बोटभर वाक राहिला आहे. मी तसं म्हणालो तर म्हणाले, "सरळ हात सलाम ठोकायला लागतो. लिवायला वाकडाच लागतो."

पुढे हैदराबादला जाऊन मी बी. ए. झालो आणि परभणीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो. सुटीत चुडाव्याला उतरायचो, मामींच्या हातचं खायचो. अशातच मास्तरांचं कार्ड आलं : मुंजाजी रुळाजवळच्या खडीवरून घसरला, नडगीचं हाड मोडलं, नांदेडच्या दवाखान्यात बांधलं, दीड महिन्यानं सोडलं, हाड जुळलं आहे, पण हा माणूस खाटेवरून उठत नाही. वरच्या साहेबांनी महिन्याची मुदत दिली आहे. तोवर कामावर उभा राहिला नाही तर नोकरी जाईल आणि रेल्वेचं घरही जाईल.

मी लगेच गेलो. मामा बाजेवर आडवे होते आणि पडल्या पडल्या एका शेतकऱ्याला खांदा कसा फिरवायचा ते शिकवत होते. मी म्हणालो, "मामा, उठा." ते म्हणाले, "गोइंदा, ह्ये समदं जवान हाडाला. माजं सामान जुनं झालंय." मी पाटलांचा गुडघा काढला. ते म्हणाले, "पाटलाला छकडा हुता." मी काही म्हणालो की त्यांचं उत्तर तयार. बोलण्यात त्यांच्यापुढे कधी कुणाचा निभाव लागला नव्हता, माझा कुठून लागणार?  निघताना मी मामांच्या पायाकडे पाहिलं. घोटा ताठ होता आणि पायाला कुणी नुसता हात लावला तरी ते अंग चोरत होते. तेव्हा मला कळलं की मामा भ्यायले आहेत.

परभणीला येऊन मी पत्र लिहिलं. पत्राला उलट उत्तर देता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मामा आता नाहीत. ते गेल्यावर मामींनी त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून ते पत्र काढून माझ्या हवाली केलं. घड्यांवर ते फाटायला आलं आहे आणि त्याच्या कडांना जागोजाग एरंडेलाची बोटं उमटलेली आहेत. पत्र असं आहे :

तीर्थस्वरूप मुंजाजीमामा यांस,

गोविंदचा शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र मास्तरसाहेब वाचून दाखवतील. मास्तरसाहेब, मामा मध्येच बोलू लागले तर थांबू नका, वाचत राहा.

मामा, तुम्ही म्हणालात सामान जुनं झालं. तुमचा पाय मी पाहिला आहे. हाड जुळलं आहे. तुम्हाला दुखण्याची भीती वाटते आहे. मलाही वाटत होती, पण मी सतरा वर्षांचा होतो म्हणून रडू शकत होतो. तुम्हाला रडता येत नाही म्हणून तुम्ही थट्टा करता. मास्तरसाहेब, हे वाक्य कृपा करून दोनदा वाचा.

उद्यापासून असं करायचं. सकाळी घोटा शेकायचा आणि पडल्या पडल्या पंजा पुढे-मागे करायचा. दुपारी बाजेच्या कडेला बसून दोन्ही पाय जमिनीला लावायचे, उभं राहायची घाई नको. तिसऱ्या दिवशी बाज धरून उभं राहायचं, मास्तर शंभर म्हणेपर्यंत. मामींना विनंती की पाण्याचा तांब्या बाजेजवळ ठेवू नये. तो रांजणापाशी असावा. तहान लागली की ते जातील. मामी, त्यांनी हाक मारली तरी तुम्ही जाऊ नका, तुम्हाला जड जाईल हे मला ठाऊक आहे.

पहिले काही दिवस फार थोडं होईल. त्यावर हसू नका आणि कुणाला हसू देऊ नका. काठी लागली तर घ्यावी. खटका काठी टेकूनही ओढता येतो, मी मास्तरांना विचारलं आहे.

आजपासून चोविसाव्या दिवशी, रविवारी, मी सकाळच्या गाडीनं येत आहे. तुम्ही फलाटावर हातात झेंडी घेऊन उभे असावं. बाकावर, पेटीवर किंवा आणखी कशावर बसलेले दिसलात तर मी खाली उतरणार नाही. मी तिकीट चुडाव्याचं नाही, पुढच्या नांदेडपर्यंतचं काढणार आहे.

तुमचा,
गोविंद